व्यसनमुक्तीची गोळी आणि कोपऱ्यावरचे औषधाचे दुकान

गाझियाबादच्या कमला नेहरू नगरात सकाळी लवकर गेले की एका सरकारी इमारतीबाहेर जी रांग दिसते, ती रुग्णालयाच्या नेहमीच्या रांगेहून निराळी असते. तिच्यात म्हातारी माणसे कमी आणि कमावत्या वयाचे पुरुष अधिक. कोणाच्या हातात जेवणाचा डबा, कोणाच्या खांद्यावर कामाच्या अवजारांची पिशवी. पुष्कळांच्या सोबत आई किंवा पत्नी. हे 'एम्स'चे राष्ट्रीय व्यसनाधीनता उपचार केंद्र. १९८८ मध्ये दिल्लीच्या दीनदयाळ उपाध्याय रुग्णालयात ते सुरू झाले आणि २००३ मध्ये गाझियाबादला आले. देशातील व्यसनोपचाराचे धोरण, प्रशिक्षण आणि मोजमाप यांचा बराचसा भार हीच संस्था वाहते. मी याच शहरात अनेक वर्षे राहतो. या रस्त्यावरून जाताना ती रांग मला दर वेळी एकच प्रश्न विचारते. आत मिळणारी गोळी एवढीशी, जिभेखाली ठेवायची आणि पाच-दहा मिनिटांत विरघळणारी. मग तिच्यासाठी माणसाने अख्खा दिवस का द्यावा?

हा प्रश्न माझ्यापुरता केवळ अभ्यासाचा राहिलेला नाही. आमच्या घराच्या खिडक्यांना जाळ्या बसवणारा एक वेल्डिंगचा कारागीर मला 'अंकल' म्हणतो. एकोणिसाव्या वर्षी स्मॅक ओढायला लागला, सव्विसाव्या वर्षी उपचाराला लागला. ब्युप्रेनॉर्फिन आणि नॅलोक्सोन यांची संयुक्त गोळी त्याला एका सरकारी केंद्रातून मिळते. हे केंद्र कमला नेहरू नगरातले नव्हे, दुसरे आहे. गोळी सुरू झाल्यापासून तीन वर्षे तो कामावर नियमित होता, लग्न झाले, मुलगी झाली. दर पंधरा दिवसांनी एक दिवस केंद्रात जायचा, म्हणजे वर्षाचे २६ दिवस. रोजंदारीवरच्या माणसाला या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. गेल्या वर्षी सणाआधी कामाची घाई होती, मालकाने सुटी नाकारली. त्याने एक तारीख चुकवली. पुढच्या वेळी तो गेला तेव्हा डॉक्टर रजेवर होते. गोळ्या संपून पाच दिवस झाले होते. अंग मोडून येणे, उलट्या, जुलाब, झोप नाही, अशी वैद्यक ज्याला वियोगलक्षणे म्हणते आणि मुंबईच्या गल्ल्यांत ज्याला 'टर्की' म्हणतात, ती अवस्था. सहाव्या दिवशी त्याने पुन्हा स्मॅक ओढली. त्यानंतर आठ महिने तो आम्हाला दिसला नाही.

त्याच्या खोलीपासून कारखान्यापर्यंतच्या वाटेवर औषधाची चार दुकाने आहेत. त्यांतल्या एकातही ही गोळी ठेवण्याची परवानगी नाही.

आधी प्रश्नाचा आवाका पाहू. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी याच गाझियाबादच्या केंद्राने केलेले देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. १८६ जिल्ह्यांतील दोन लाखांहून अधिक घरे आणि पावणेपाच लाखांच्या आसपास माणसे, इतका त्याचा पसारा होता. त्यानुसार देशात सुमारे २.२६ कोटी लोक अफूजन्य द्रव्ये वापरतात आणि त्यांपैकी सुमारे ७७ लाख लोकांना त्यासाठी मदतीची गरज आहे. या द्रव्यांत आज अफूपेक्षा हेरॉईनचा वाटा मोठा झाला आहे आणि हेरॉईनच्या पाठोपाठ औषधी अफूजन्य गोळ्या व द्रवे आहेत, हेही त्याच पाहणीत दिसले. बेकायदा द्रव्यांवर अवलंबून असलेल्या लोकांपैकी आयुष्यात एकदा तरी कोणता ना कोणता उपचार मिळालेले चारातले एकच होते. रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेतलेले विसातले एक. दुसरीकडे मानसोपचारतज्ज्ञांची संख्या दर लाख लोकांमागे एकालाही पुरत नाही. ७७ लाखांना तज्ज्ञाच्या दारात उभे करून त्यांच्या हातात दर पंधरवड्याला गोळी देणे हे गणित कोणत्याही अर्थसंकल्पात बसणारे नाही.

गोळीविषयी मराठी वाचकांच्या मनात एक शंका असते, ती मी ओळखून आहे. महाराष्ट्राने व्यसनमुक्तीचे चित्र 'मुक्तांगण'मधून पाहिले. १९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर आली, अनिल अवचटांनी 'गर्द'वर लिहिले आणि १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने पुण्यात ते केंद्र उभे राहिले. द्रव्य सोडायचे, समूहाच्या आधाराने सोडलेलेच राहायचे, घर पुन्हा जोडायचे, ही वाट त्या काळी समाजाला माणुसकीची होती आणि अजूनही आहे. त्या पार्श्वभूमीवर 'अफू सोडवायला अफूचाच भाऊबंद' ही कल्पना फसवणुकीसारखी वाटते. परंतु ब्युप्रेनॉर्फिनचे वैशिष्ट्य असे की ते मेंदूतील त्याच ग्राहींना चिकटते, मात्र त्यांना अर्धेच जागे करते. तलफ शमते, टर्की येत नाही, पण नशेची उंची गाठली जात नाही आणि एका मर्यादेपुढे डोस वाढवला तरी श्वास मंदावण्याचा परिणाम फारसा वाढत नाही. परिणाम दीर्घकाळ टिकतो, म्हणून दिवसातून एक वेळ पुरते. नॅलोक्सोन त्यात मिसळलेले असते ते गोळी विरघळवून सुईने टोचणाऱ्याला अटकाव व्हावा म्हणून. मधुमेहाची गोळी रोज घेणाऱ्याला आपण 'साखरेचा गुलाम' म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन या दोहोंना अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. आपल्या २०२२ च्या राष्ट्रीय यादीतही ब्युप्रेनॉर्फिन आहे. औषध अत्यावश्यक आहे हे सरकारला मान्य आहे. ते कोठे मिळावे याबाबत मात्र सरकारचे मन अजून साशंक आहे.

ही शंका निराधार नाही, हे प्रथमच सांगितले पाहिजे. ब्युप्रेनॉर्फिन गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ च्या कक्षेत येते. वेदनाशामक म्हणून त्याचे इंजेक्शन आणि अल्पमात्रेची गोळी दुकानात चिठ्ठीवर विकता येते. व्यसनोपचारासाठी लागणारी अधिक मात्रेची गोळी मात्र कंपनीने ठरावीक उपचार केंद्रांनाच पुरवायची, किरकोळ विक्रेत्याला नाही, अशी अट आहे. यातला विपर्यास असा की दिल्लीच्या रस्त्यांवर एके काळी ज्या ब्युप्रेनॉर्फिनचा गैरवापर झाला, ते दुकानातून सहज मिळणारे इंजेक्शनच होते. जे रूप अधिक धोक्याचे ते दुकानात आणि जे औषध त्या धोक्यातून बाहेर काढते ते दुकानाबाहेर. अधिकाऱ्यांना धडा मिळाला खरा, पण तो त्यांनी नेमक्या उलट्या ठिकाणी लागू केला, असे माझे मत आहे.

यावर केंद्राने उपाय केलेच नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने तिसऱ्या टप्प्याच्या कार्यक्रमात, २००७ नंतर, सुईने द्रव्य घेणाऱ्यांसाठी ब्युप्रेनॉर्फिनची केंद्रे सुरू केली. तेथे रुग्णाने रोज यायचे आणि परिचारिकेसमोर गोळी जिभेखाली विरघळवायची, हा शिरस्ता. एचआयव्ही रोखण्याच्या दृष्टीने तो शहाणपणाचा होता. पण ज्याला रोज यायचे आहे त्याने नोकरी कोणती करावी, याचे उत्तर शिरस्त्यात नव्हते. गाझियाबादच्या केंद्राने त्रिलोकपुरी आणि सुंदर नगरीसारख्या दिल्लीच्या वस्त्यांत दवाखाने नेले, संयुक्त गोळी घरी नेऊ देण्याची पद्धत बसवली, सरकारी रुग्णालयांत औषधोपचाराची केंद्रे उभारण्यास हातभार लावला. पंजाबने २०१७ च्या ऑक्टोबरात बाह्यरुग्ण उपचाराचे दवाखाने उघडून हेच राज्यभर नेले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि अनेक वर्षे 'अशक्य' असलेली गोष्ट काही दिवसांत शक्य झाली: स्थिर रुग्णांना अनेक दिवसांच्या गोळ्या घरी देण्यास परवानगी मिळाली. आभाळ कोसळले नाही. त्याच महिन्यात निघालेल्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनी मात्र या कायद्याखालील औषधे फोनवरून लिहून देण्यास मनाई केली. एका हाताने दार उघडायचे आणि दुसऱ्या हाताने खिडकी लावून घ्यायची, अशी ही आपली जुनी रीत.

आता जगाकडे पाहू. फ्रान्सने १९९० च्या दशकाच्या मध्यावर साध्या कुटुंबवैद्याला, वेगळ्या परवान्याशिवाय, ब्युप्रेनॉर्फिन लिहिण्याची मुभा दिली आणि ते गल्लीतल्या औषधाच्या दुकानातून मिळू लागले. १९९५ ते १९९९ या काळात तेथे अतिमात्रेने होणारे मृत्यू ७९ टक्क्यांनी घटले. काही गोळ्या काळ्या बाजारात गेल्या, काहींनी त्या टोचूनही घेतल्या. तरीही धोरण मागे घेतले गेले नाही. स्कॉटलंडमधील ग्लासगोत १९९० च्या दशकापासून फार्मासिस्ट आपल्यासमोर रुग्णाला मेथाडोन पाजतात. ऑस्ट्रेलियातही दुकानातून डोस घेणे ही रोजची बाब आहे. अमेरिका या बाबतीत बरीच मागे होती. तेथे ब्युप्रेनॉर्फिन लिहिण्यासाठी डॉक्टरला वेगळी परवानगी लागे. ती अट डिसेंबर २०२२ मध्ये रद्द झाली.

अमेरिकेचाच एक छोटा प्रयोग मला सर्वांत बोलका वाटतो. ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्यात डॉक्टरांशी लेखी करार करून फार्मासिस्टांना उपचार सुरू करण्याची व पुढे चालवण्याची जबाबदारी दिली गेली. निष्कर्ष जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. शंभर रुग्णांनी सुरुवात केली, ५८ स्थिर झाले. त्यांच्यातून चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे २८ जणांना औषधाच्या दुकानातच पुढचे उपचार आणि ३० जणांना नेहमीच्या दवाखान्यात, अशी विभागणी झाली. महिन्याभराने दुकानातले २५ जण उपचारात टिकले होते. दवाखान्यात पाठवलेल्यांपैकी पाच. नमुना लहान आहे, देश श्रीमंत आहे, हे सगळे खरे. पण गोळी तीच होती आणि माणसेही सारखीच होती. दुकान आणि दवाखाना एवढाच फरक होता.

भारतात अशी कल्पना ऐकली की 'आपल्याकडे हे चालणार नाही' हे वाक्य हमखास येते. ते पूर्णतः खरे नाही. क्षयरोगाच्या बाबतीत आपण याच वाटेने काही पावले चाललो आहोत. इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशनने २००६ च्या सुमारास मुंबईत दुकानदार फार्मासिस्टांना प्रशिक्षण देऊन क्षयरुग्णांना समोर बसवून औषध देण्याच्या कामात ओढले. खोकला महिनाभर जात नसलेला माणूस आधी डॉक्टरकडे नव्हे, औषधाच्या दुकानात जातो, हे साधे निरीक्षण त्यामागे होते. २०१८ पासून क्षयाची औषधे विकणाऱ्या दुकानदाराने त्या रुग्णांची नोंद सरकारला कळवणे बंधनकारक आहे. क्षय आणि व्यसन यांत रोगाचे साम्य नसेल. परंतु दीर्घ उपचार, मध्येच सोडून देण्याचा धोका, समाजाची नाके मुरडणे आणि गरिबाची बुडणारी मजुरी, ही चारही दुखणी सामाईक आहेत.

मग अडचण कोठे आहे? ती समजून घेण्यासाठी मी आमच्या वसाहतीतल्या औषध विक्रेत्याशी बोललो. त्याच्याकडे पदविका आहे, दुकान वीस वर्षांचे आहे आणि रक्तदाबाची गोळी संपत आली की तो मला आठवण करतो. तो म्हणाला, "भाईसाहब, ही गोळी मी ज्या दिवशी ठेवीन, त्या दिवसापासून दोन जण दुकानात येतील. एक तपासणीला, दुसरा धमकवायला. आणि तिसरे गिऱ्हाईक येणे बंद होईल." त्याच्या या एका वाक्यात धोरणाचे तीन अध्याय आहेत. नोंदवहीतला एक आकडा चुकला तर औषध निरीक्षकाची नोटीस नव्हे, अमली पदार्थांच्या कायद्याखाली अटक होऊ शकते, अशी त्याला भीती आहे. ज्या कायद्यात जामीन मिळणे दुष्कर, तेथे कोणता शहाणा दुकानदार दोन-चार रुपयांच्या नफ्यासाठी पाऊल टाकेल?

पण दुकानदारांच्या बाजूनेच सारे बोलून चालणार नाही. कोडीनचे खोकल्याचे औषध आणि ट्रॅमाडोल यांनी तरुणांच्या एका पिढीला जो विळखा घातला, तो दुकानांच्या फळ्यांवरूनच. त्यासाठी २०१४ पासून एच-१ अनुसूचीची स्वतंत्र नोंदवही आली, २०१८ मध्ये ट्रॅमाडोल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणावे लागले. शिवाय 'भाड्याचा फार्मासिस्ट' ही आपली अस्सल देशी संस्था आहे: प्रमाणपत्र भिंतीवर, माणूस दुसऱ्याच गावी. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना महेश झगडे यांनी दुकानात फार्मासिस्ट प्रत्यक्ष हजर असलाच पाहिजे, असा आग्रह धरला, तेव्हा विक्रेत्यांच्या संघटनांनी बंदचे हत्यार उपसले होते. कायद्यात १९४८ पासून असलेली अपेक्षा अमलात आणायला एवढा गदारोळ. ज्या दुकानात फार्मासिस्टच नसतो, त्या दुकानात फार्मासिस्टची भूमिका वाढवून काय उपयोग, हा प्रश्न मला कोणी विचारला तर माझ्याकडे सोपे उत्तर नाही. पंजाबातही २०२० च्या सुमारास खासगी केंद्रांना पुरवलेल्या कोट्यवधी गोळ्यांचा हिशेब लागत नसल्याचे प्रकरण गाजले. म्हणजे दुकानाबाहेर ठेवूनही गोळी सुरक्षित राहिली नाहीच. गळती थांबते ती हिशेबाच्या शिस्तीने, मग फळी केंद्रातली असो वा दुकानातली.

माझी सूचना म्हणूनच मर्यादित आहे. निदान करणे आणि उपचार सुरू करणे हे आज आपल्याकडे डॉक्टरांचेच काम राहावे. ऱ्होड आयलंडइतकी उडी मारण्याची ना आपली तयारी आहे, ना ती आताच मारण्याची गरज. परंतु जो रुग्ण सहा महिने, वर्ष स्थिर आहे, त्याच्या गोळ्या त्याच्या घराजवळच्या निवडक दुकानात मिळाव्यात. डॉक्टरला त्याने तीन महिन्यांतून एकदा भेटावे. दर आठवड्याला फार्मासिस्टला भेटावे. नव्याने अडखळू लागलेल्या रुग्णाला काही दिवस दुकानातच समोर बसून गोळी घेता यावी. फार्मासिस्टने तारीख चुकल्याचे त्याच दिवशी केंद्राला कळवावे. हे शेवटचे काम मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण माझ्या ओळखीच्या त्या कारागिराची एक तारीख चुकली तेव्हा ते कोणाच्याच लक्षात आले नाही.

सुरुवात कोठून करावी? खासगी दुकानांपासून नव्हे. जिल्हा रुग्णालये आणि सामुदायिक आरोग्य केंद्रे येथे पगारी, हजर असलेला सरकारी फार्मासिस्ट आहे. त्याच्या हाती आज खोकल्याच्या बाटल्या आणि लोहाच्या गोळ्या यांखेरीज फारसे काही नाही. त्यानंतर जनऔषधी केंद्रे, ज्यांची संख्या आता पंधरा हजारांच्या पुढे गेली आहे आणि ज्यांच्यावर सरकारचा काही वचक आहे. खासगी दुकाने त्याही नंतर, स्वेच्छेने, प्रशिक्षण घेऊन, आणि प्रत्येक वेळी गोळी दिल्याबद्दल ठरावीक सेवाशुल्क मिळण्याच्या अटीवर. नफा गोळीच्या विक्रीतून मिळता कामा नये, तो सेवेतून मिळावा. हा भेद पाळला नाही तर ट्रॅमाडोलची गोष्ट पुन्हा लिहावी लागेल. आणि प्रामाणिक नोंदचूक व चोरटी विक्री यांत कायद्याने फरक करावा. तो फरक नियमांत लिहिल्याशिवाय आमचा औषध विक्रेता या कामाला हात लावणार नाही. त्याचे चुकते आहे, असेही मी म्हणणार नाही.

प्रशिक्षणाचा भार पेलण्यासाठी नवी संस्था काढण्याचे कारण नाही. गाझियाबादचे केंद्र अनेक वर्षे डॉक्टरांना आणि परिचारिकांना हे शिकवीतच आले आहे. फार्मसी कौन्सिलने २०१५ मध्ये औषधालयीन व्यवसायाचे जे नियम केले, त्यांत रुग्णाला समुपदेशन करणे हे फार्मासिस्टचे कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मद्य व अमली द्रव्यांशी निगडित विकारांना मानसिक आजारात गणले आणि उपचार मिळणे हा हक्क ठरवला. कागद पुष्कळ जमले आहेत. आरोग्य, सामाजिक न्याय आणि अर्थ ही तीन मंत्रालये हा विषय आपापल्या कपाटात ठेवतात. औषध एकाचे, पुनर्वसन दुसऱ्याचे आणि अमली पदार्थांचा कायदा तिसऱ्याचा. त्यांना एका टेबलाशी बसवणे हे खरे काम आहे. एखाद्या जिल्ह्यात दोन वर्षांचा प्रयोग करून आकडे जाहीर करण्यास यांपैकी कोणाचीच हरकत असण्याचे कारण मला तरी दिसत नाही. गाझियाबाद जिल्हा त्यासाठी सोयीचा आहे: तज्ज्ञ संस्था येथेच, औद्योगिक कामगारांची वस्ती येथेच, आणि स्मॅकही येथेच.

तो कारागीर आठ महिन्यांनी परत आला. वजन निम्म्यावर, हाताच्या शिरा काळवंडलेल्या. मधल्या काळात तो ओढण्यावरून टोचण्यावर गेला होता. बायको मुलीला घेऊन माहेरी गेली होती, ती अजून आलेली नाही. आता त्याची गोळी पुन्हा सुरू आहे, एचआयव्ही आणि काविळीच्या तपासण्या झाल्या आहेत. नव्या कारखान्यात त्याला काम मिळाले आहे, पण आपण कोणते औषध घेतो हे त्याने तेथे कोणाला कळू दिलेले नाही. परवा तो आमच्या फाटकाची बिजागरी दुरुस्त करायला आला होता. खिशातून केंद्राची घडी पडलेली चिठ्ठी काढून त्याने मला पुढची तारीख दाखवली. तारीख बुधवारची आहे. "मालकाला काय सांगू, अंकल?" असे त्याने विचारले. गेल्या वेळी आजीच्या श्राद्धाचे कारण देऊन झाले आहे.